इन्स्पेक्टरबाबांची कोरी भिंत

मालमत्तेच्या कायद्याचा पाया असा आहे की जी वस्तू ज्याची असते ती त्याचीच असते. या भक्कम पायावर आमच्या इबादान शहरात आजवर हजारो घरं उभी राहिली आणि त्यांतली बरीचशी एकापेक्षा अधिक वेळा विकलीही गेली. कायदा यात कुठे कमी पडतो असं नाही, उलट तो पुरून उरतो. जमीन मुळात राज्यपालांची असते असं कायदा म्हणतो (ती नेमकी कुठे आहे हे राज्यपालांना ठाऊक असण्याची अट नाही). त्याच वेळी ती तिथल्या मूळ घराण्याचीही असते, कारण त्यांचे पणजोबा तिथे रानडुकरांच्या मागे धावत असत. शिवाय ज्याने रोख पैसे मोजून घेतली त्याचीही ती असते. अशा रीतीने एकाच तुकड्याला तीन-तीन मालक लाभतात आणि बिचाऱ्या जमिनीला कधी पोरकं वाटत नाही.

घर पाहावं बांधून असं म्हणतात. शहराच्या ओके-इलेरी भागात बांधून पाहणाऱ्याला मूळ घराण्याची मुलं फार जपतात. पाया खणला की ती येऊन पायाची दक्षिणा घेतात, भिंती उभ्या राहिल्या की भिंतींची घेतात, छप्पर चढलं की छपराची. काही होतकरू मुलं फाटकाला रंग देतानाही येतात, पण जाणते लोक तो अतिरेक समजतात. दक्षिणा दिली नाही तर मुलं रुसतात, आणि ती रुसली की काल उभी केलेली भिंत आज आडवी झालेली दिसते. एवढं सगळं पार पडून घर उभं राहिलं, की ते निर्विवाद तुमचं. फक्त एक पथ्य पाळायचं. घर सोडून कुठे जायचं नाही.

गेलात, तर तुमच्या मागे ते विकलं जाण्याचा संभव असतो. यात विकणाऱ्याच्या मनात काही वाईट असतं असं समजू नये. रिकामं घर आणि हातात पैसे घेऊन फिरणारं गिऱ्हाईक यांची गाठ घालून देणं हेही एक पुण्यकर्मच आहे. या पुण्यवान मंडळींसाठी फौजदारी कायद्यात ४१९ नंबरच्या कलमाची खास सोय केलेली आहे आणि लोकही त्यांना लाडाने 'चारशे एकोणीस'च म्हणतात. (तुमच्याकडे चारशे वीस म्हणतात असं ऐकतो. म्हणजे आम्ही तुमच्या एक घर पुढेच आहोत.)

यावर शहराने जो उपाय शोधला त्याला तोड नाही. घराच्या बाहेरच्या भिंतीवर, पलीकडच्या रस्त्यावरूनही वाचता यावं अशा तांबड्या अक्षरांत लिहायचं: 'हे घर विकणे नाही. ठकांपासून सावध. हुकमावरून.' हुकूम कोणाचा, हे खाली बारीक अक्षरांत लिहितात. ते आजवर कोणी वाचलेलं नाही. ओके-इलेरीतल्या ओलोमी गल्लीत एकंदर तेवीस घरं. त्यांपैकी बावीस घरं विकायची नव्हती. तेविसावं घर इन्स्पेक्टरबाबांचं होतं आणि त्याची भिंत स्वच्छ, पांढरी, कोरी होती.

इन्स्पेक्टरबाबांचं खरं नाव फासोग्बॉन. त्यांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. बाजारातल्या मापाड्यांच्या तीन पिढ्या त्यांना घाबरून होत्या. नोकरीतून त्यांनी एकच सिद्धांत घरी आणला होता आणि तो ते येईल त्याला ऐकवत. ज्या दुकानावर 'इथे वजन चोख' अशी पाटी असते, तिथलं माप हटकून हलकं निघतं; आणि पाटी जितकी मोठी तितकं माप हलकं. ज्याचं माप खरं असतं त्याला पाटी सुचतच नाही.

"म्हणून मी लिहिणार नाही," ते म्हणत. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? घर माझं आहे, मी त्यात बसलोय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतोय."

"बसलायत तोवर," रेमीची आई म्हणायची. रेमी ही त्यांची एकुलती एक मुलगी आणि रेमीची आई ही, ओघानेच, त्यांची बायको. तिने बाजारात कापड विकून या घराच्या निम्म्या विटा आणल्या होत्या, त्यामुळे निम्म्या भिंतीवर तरी लिहावं असं तिचं म्हणणं होतं.

समोरच्या, हज करून आलेल्या अल्हाजा सिदिकात यांचं मत याहून कडक होतं. अल्हाजांचं सिमेंटचं दुकान होतं. त्यांनी घराच्या चारी भिंतींवर, फाटकावर, पाण्याच्या टाकीवर, जनरेटरच्या पेटीवर आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर 'विकणे नाही' असं लिहून घेतलं होतं. (कोंबड्या मात्र त्या विकत असत. गिऱ्हाइकांचा यात वरचेवर घोटाळा होई.)

"इन्स्पेक्टरबाबा, तुमची भिंत बघवत नाही हो," त्या रस्त्यापलीकडून ओरडायच्या. "भर बाजारात कोणी उघडं उभं राहावं तशी दिसते!"

"अल्हाजा, ही माझ्या अंगातली पॅन्ट बघा. हिच्यावर लिहिलंय का, विकणे नाही म्हणून?"

"तुमची पॅन्ट फुकट दिली तरी कोण घेईल? घराला गिऱ्हाईक आहे, बाबा. पॅन्टची गोष्ट सोडा."

रेमीची आई खिडकीतून हसली, आणि ती आपल्या बाजूने हसली नाही हे बाबांच्या लक्षात आलं.

अशातच कलाबारहून निरोप आला की रेमीला मुलगा झाला. बाळाला न्हाऊमाखू घालायला आजी जाते, अशी रीत आहे. आजोबांनी जावं अशी रीत नाही. पण बारशाला बाळाच्या जिभेला मध आणि मीठ लावतात, आणि ते किती लावायचं हा प्रश्न जावयाच्या अंदाजावर सोडायला इन्स्पेक्टरबाबा तयार नव्हते. तेही निघाले. किल्ली अल्हाजांकडे दिली, भिंतीकडे एकदा अभिमानाने पाहिलं आणि ते बसमध्ये बसले.

इथे चीफ डॉक्टर अदेगोरॉये यांचा परिचय करून देणं भाग आहे. ते चीफ कुठले आणि डॉक्टर कशाचे, हे विचारण्याइतकं असभ्य ओके-इलेरीत कोणी नाही. पांढराशुभ्र पायघोळ झगा, हातात पंखा, आवाजात मध. त्यांच्या आधीचे या व्यवसायातले लोक परंपरेला धरून होते. ज्या भिंतीवर 'विकणे नाही' लिहिलेलं असे तिच्या वाटेला ते जात नसत, कोरी भिंत शोधत. चीफसाहेबांचं मोठेपण असं की त्यांनी त्यापुढचा विचार केला. 'विकणे नाही' असं भिंतीवर कोण लिहितो? मालक. मग जो लिहील तो कोण झाला? (या प्रश्नाचं उत्तर वकिलीच्या परीक्षेत भले भले चुकतात.)

तेव्हा एका प्रसन्न सकाळी चीफसाहेबांनी एक रंगारी पाठवला आणि इन्स्पेक्टरबाबांच्या कोऱ्या भिंतीवर काम सुरू झालं.

ते पाहून अल्हाजांना कोण आनंद झाला! "आली म्हाताऱ्याला अक्कल! नातवाचं तोंड बघितलं आणि आली!" असं त्या सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या. रंगाऱ्याचा हात वर पोचेना म्हणून त्यांनी स्वतःच्या दुकानातली शिडी दिली. उन्हात त्याच्यासाठी थंड माल्टची बाटली पाठवली. एक अक्षर तिरकं आलं ते पुसून पुन्हा काढायला लावलं. "नीट काढ रे राजा, मरेपर्यंत मला हे समोर बघायचंय." शेवटी रंगाऱ्याने 'हुकमावरून'च्या खाली बारीक अक्षरांत 'चीफ डॉक्टर अदेगोरॉये, मालक' असं लिहिलं, तोवर अल्हाजा समाधानाने गल्ल्यावर जाऊन बसल्या होत्या.

आता घराला गिऱ्हाईक हवं होतं, आणि गिऱ्हाईक म्हणून डीकन एबोहोन यांच्यापेक्षा पात्र माणूस मिळाला नसता. डीकन ही त्यांची चर्चमधली पदवी; मूळचे बेनिनचे, धंदा टायरचा, माणूस देवभोळा. वर्षानुवर्षं ते भाड्याच्या खोल्यांत राहिले होते आणि घरमालक भांडणाच्या दिवशी पाणी तोडत असल्यामुळे त्यांच्या घरात आंघोळी मालकाच्या मर्जीने होत. त्यांनी विकाऊ घरं पुष्कळ पाहिली होती. एका घरी गेले तर तिथे आधीच चार मालक आपापल्या पावत्या घेऊन ओट्यावर बसले होते. चौघांनी सरकून त्यांना जागाही करून दिली. तेव्हापासून 'विकायला काढलेलं घर' असं नुसतं ऐकलं तरी डीकन वाट बदलायचे.

चीफसाहेबांनी त्यांना घर दाखवायला नेलंच नाही. त्यांनी फक्त डीकनांना आपल्या गाडीतून घरी सोडलं आणि वाट ओलोमी गल्लीतून घेतली. "हे माझं जुनं घर," ते सहज म्हणाले. डीकनांनी भिंत वाचली आणि त्यांचा जीव त्या घरावर जडला.

"चीफ, हे मला द्या."

"विकायचं नाही. भिंतीवर लिहिलंय, वाचता येत नाही का तुम्हाला?"

"वाचता येतं म्हणूनच मागतोय ना!"

चीफसाहेबांनी नकार दिला. डीकन दुसऱ्यांदा गेले, त्यांनी पुन्हा नकार दिला. तिसऱ्यांदा डीकन बायकोला घेऊन गेले आणि तिने पाय धरले, तेव्हा चीफसाहेबांना गहिवरून आलं. माझी आई याच अंगणात वारली, असं सांगून त्यांनी झग्याच्या बाहीने डोळे पुसले, आणि पडत्या फळाची आज्ञा मानून डीकनांनी जन्माची कमाई त्यांच्या पायाशी ठेवली. एवढ्या जड मनाने घर विकणारा माणूस ओके-इलेरीने त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी कुलूपही नवं बसवून दिलं, आणि सामान उतरताना पाहून अल्हाजांना वाटलं, बाबांनी भाडेकरू ठेवले.

इन्स्पेक्टरबाबा आणि रेमीची आई परत आली ती ऐन जेवणाच्या वेळी. बाबांच्या खांद्यावर कलाबारच्या सोड्यांची पिशवी होती आणि तिचा वास बसमधल्या सगळ्यांनी सोसलेला होता. भिंतीवरची तांबडी अक्षरं पाहून बाबांना वाटलं गल्ली चुकली. रेमीच्या आईला वाटलं नवऱ्याने गुपचूप लिहून घेतलं, आणि ती कौतुकाने त्यांच्याकडे बघणार तोच आतून धप्प धप्प आवाज आला. कोणीतरी याम, म्हणजे उकडलेला कंद, कुटत होतं.

रेमीची आई तरातरा आत गेली. मुसळ एका अनोळखी बाईच्या हातात होतं.

"बाई, ते मुसळ खाली ठेव. उखळ माझं आहे."

"तुमचं? आम्हाला तर घराबरोबर मिळालं."

बाहेरच्या खोलीत डीकन उठून उभे राहिले. "या, बाबा, बसा. आपण कोण?"

"मी या घराचा मालक."

"मालक मी आहे," डीकन नम्रपणे म्हणाले, "पण उभे का? जेवायची वेळ झालीय, हात धुऊन घ्या."

मालकी हक्काच्या वादात इतकी चांगली सुरुवात क्वचित होते. दोन्ही मालक जेवले. रस्सा चांगला झाल्याचं बाबांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. मग अल्हाजा धावत आल्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात, पण आधी भिंतच फिरल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"शिडी माझीच होती हो," त्या म्हणाल्या. "माल्टसुद्धा माझाच."

पोलिसांत सार्जंट एकपेन्योंग यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या. बाबांनी सरकारी शिक्क्याचं मालकीपत्र टेबलावर ठेवलं. सार्जंटनी ते कौतुकाने उजेडात धरलं.

"सुंदर आहे. पण बाबा, कागदाचं काय हो? बस स्टँडमागे जा, चहा पिऊन होईतो छापून देतात. याहून चांगला शिक्का मारतात. भिंतीचं तसं नाही. भिंतीला रंग लागतो, शिडी लागते, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत उन्हात उभं राहावं लागतं. चोर एवढी मेहनत करील का?"

"केली ना!"

"मग शेजाऱ्यांनी अडवलं का नाही?"

अल्हाजा छताकडे बघू लागल्या. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथेच बाबांच्या विरुद्ध गेलं. चीफसाहेब सापडत नव्हते. त्यांना शोधण्याचं काम मात्र जोरात चालू होतं, असं सार्जंटनी सांगितलं. (ते रोज संध्याकाळी पोलीस ठाण्याच्या समोरच्या खानावळीत जेवत. पण तिथे शोधणं हे नियमात बसत नव्हतं, कारण खानावळ दुसऱ्या हद्दीत येते.)

बाबांनी वकील केला. वकिलांनी पहिली तारीख मिळवली, ती इतकी पुढची होती की तोवर नातवालाही साक्षीला उभं करता येईल असं ते उत्साहाने म्हणाले. तोपर्यंत कोर्टाचा हुकूम, जैसे थे. म्हणजे पुढच्या खोल्या डीकनांकडे, मागच्या बाबांकडे, उखळ सामाईक.

एकत्र राहायला लागल्यावर दोन्ही कुटुंबांचं उत्तम जमलं, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी अडचण होती. रेमीची आई डीकनांच्या बायकोला एगुसीच्या बियांचा रस्सा शिकवू लागली. संध्याकाळी बाबा आणि डीकन अंगणात आंब्याखाली आयोचा पट मांडून बिया टाकत बसत. भांडायचं म्हटलं तरी भांडण रंगत नसे. पण खेळ संपला आणि डीकन पुढच्या दाराने आत गेले, की बाबांना मागच्या दाराने जावं लागे. ते दार त्यांनी कामवाल्यांसाठी ठेवलेलं होतं, अंमळ बुटकंच. रोज त्यातून वाकून जाताना त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती अशी भीती वाटायची. हे घर गेलं तर रेमीचं पोर सुट्टीत कुठे येणार? या आंब्यावर कोण चढणार? रेमीच्या आईने 'मी सांगत होते' असं एकदाही म्हटलं नाही, आणि बाबांना त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

मग अल्हाजा बातमी घेऊन आल्या. अपराधाच्या भावनेने त्यांनी गावभर हेर सोडले होते. "चीफ हे घर पुन्हा विकतोय! लागोसची कोणी मादाम ओकोजिए आहे, कापडाची मोठी व्यापारी. शनिवारी दुपारी तिला घर दाखवायला आणतोय. बयाणा घेतला म्हणे."

डीकनांच्या हातातल्या बिया पटावर सांडल्या. आजवर त्यांना वाटत होतं की चीफ खरे, आणि फसवत असतील तर एकटे बाबा. "म्हणजे आता तिसरा मालक येणार?"

"येऊ दे," बाबा उद्वेगाने म्हणाले. "बैठकीची खोली रिकामीच आहे. पण मला एक सांगा डीकन, तुम्ही शहाणेसुरते, धंदा करणारे. दुनियेतली घरं सोडून तुम्ही हेच का घेतलंत?"

"विकायचं नाही असं लिहिलं होतं म्हणून! विकायला काढलेलं घर कोणी शहाणा माणूस घेईल का?"

बाबांनी आयोचा पट बाजूला सारला. सबंध नोकरीत त्यांनी मोठ्या पाट्यांखालची हलकी मापं पकडली होती. पाटीवर जे लिहिलेलं असतं त्याच्या उलट खरं असतं, हे त्यांनी स्वतःच जन्मभर शिकवलं होतं. आणि ते लोकांनाही ठाऊक असतं, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"अल्हाजा," ते उठत म्हणाले, "शिडी द्या."

"मी आता कोणाला शिडी देणार नाही!"

"मालकाला द्या की एकदा."

भर दुपारी, सगळ्या गल्लीच्या देखत, डीकनांनी शिडी धरली आणि इन्स्पेक्टरबाबांनी स्वतःच्या हाताने जुनी अक्षरं चुन्याने पुसून पुरुषभर उंचीची नवी काढली: 'हे घर विकणे आहे. त्वरा करा.' खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'हुकमावरून. फासोग्बॉन, निवृत्त इन्स्पेक्टर, मालक.'

परिणाम लगेच दिसला. घर उघडउघड विकायला काढलेलं पाहून गल्लीचा थरकाप झाला. थंड पाण्याच्या पिशव्या विकणारी बाई पलीकडच्या कडेने जाऊ लागली. कोपऱ्यावरच्या पाद्रीबाबांनी रस्त्यात थांबून प्रार्थना म्हटली. मूळ घराण्याची मुलं नवा रंग दिसतोय म्हणून दक्षिणा मागायला आली होती. त्यांनी भिंत वाचली, एकमेकांकडे पाहिलं आणि ती आल्या पावली परत गेली. "हे काही साधं प्रकरण नाही," त्यांच्यातला थोरला म्हणाला. "आपण लहान माणसं." त्या मुलांनी काही न घेता परत जाण्याची ओके-इलेरीतली ही पहिलीच नोंद आहे.

शनिवारी अल्हाजांनी सार्जंटना मिरचीच्या रश्श्याला बोलावलं. सार्जंट मूळचे कलाबारचे, इबादानमध्ये एकटे राहत. रश्श्यात त्यांच्या गावचे सोडे आहेत असा निरोप गेला, तेव्हा हद्दीचा प्रश्न त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवला. ते अल्हाजांच्या ओट्यावर वाडगा घेऊन बसले आणि पहिल्याच घोटाला त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात चीफसाहेबांची गाडी आली. सोनेरी जरीचा फेटा बांधलेल्या मादाम ओकोजिए खाली उतरल्या. चीफसाहेब सवयीने त्यांच्याकडेच तोंड करून उभे राहिले आणि पंख्याने मागची भिंत दाखवत म्हणाले, "मादाम, भिंतीवर काय लिहिलंय ते आधी वाचा, मग माझा आग्रह करा."

मादामनी वाचलं, आणि त्यांनी जी आरोळी ठोकली ती बाजारापर्यंत ऐकू गेली. "विकणे आहे? त्वरा करा? अरे चोरा! मला लुटायला आणलंस? लोक हो, धावा! हा घर विकतोय!"

लोक धावले. घर विकणारा माणूस प्रत्यक्ष पाहायला मिळतोय म्हटल्यावर कोण घरात राहील? चीफसाहेबांचा झगा चारी बाजूंनी धरला गेला. त्यांनी मागे वळून भिंत पाहिली आणि त्यांच्या आवाजातला मध प्रथमच आटला.

"मादाम, ऐका! हे कोणीतरी खोडसाळपणाने लिहिलंय. हे घर विकायचं नाही! आईची शपथ, विकायचं नाहीच!"

सार्जंटनी वाडगा खाली ठेवला. "विकायचं नाही?"

"त्रिवार नाही!"

"मग डीकनना काय विकलंत?"

चीफसाहेबांनी पंखा मिटला. सार्जंट उठले, तोंड पुसत भिंतीजवळ गेले, आणि ओलोमी गल्लीच्या इतिहासात प्रथमच कोणीतरी भिंतीवरची सूचना शेवटपर्यंत वाचली. "फासोग्बॉन," ते म्हणाले. "मालकाचं नाव तर इथे स्वच्छ लिहिलंय. शिडी कोणी दिली?"

"मी दिली," अल्हाजा छाती पुढे काढून म्हणाल्या. "आणि पहिलीही मीच दिली होती, ती चुकून."

"मग पुरावा पुरा झाला," सार्जंट म्हणाले आणि उरलेला रस्सा प्यायला परत गेले.

रेमीची आई त्या दिवशी पुढच्या दाराने घरात शिरली आणि आत जाऊन पोटभर रडली. मग बाहेर येऊन तिने नवऱ्याला सगळ्यांसमोर विचारलं, "दोन डबे रंग आधी आणला असता तर काय बिघडलं असतं?" बाबा म्हणाले, "काही नाही." सुटल्यासारखं दोघंही हसली.

डीकनांचे पैसे चीफसाहेबांकडे उरले नव्हते. त्या पैशांतून त्यांनी दुसऱ्या भागात एक प्रशस्त घर स्वतःचं करून घेतलं होतं. सार्जंटनी मांडवली केली आणि ते घर डीकनांना मिळालं. (त्याचे खरे मालक ह्यूस्टनला असतात, नाताळात येतात. हे डीकनांना कळवण्याची कोणाला घाई झाली नाही.) डीकन आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. नव्या घरी सामान उतरवण्याआधी त्यांनी भिंतीवर 'विकणे आहे' असं लिहून घेतलं. दर रविवारी ते आयो खेळायला इन्स्पेक्टरबाबांकडे येतात, आणि डीकनांच्या बायकोला रेमीच्या आईने ते उखळ देऊन टाकलं, मुसळासकट.

आजमितीला ओलोमी गल्लीत तेवीसपैकी बावीस घरं विकणे आहेत. एकही विकलं गेलेलं नाही, विकलं जाण्याची भीतीही नाही, आणि मालक मंडळी बिनघोर परगावी जाऊन येतात. तेविसावं घर अल्हाजांचं. त्यांना खरोखरच घर विकून इलोरिनला मुलाकडे जायचं आहे, म्हणून त्यांनी चारी भिंती, टाकी आणि खुराडं यांवरचं 'विकणे नाही' तसंच ठेवलंय. त्यांच्या दारात गिऱ्हाइकांची रीघ असते. इन्स्पेक्टरबाबा आपल्या भिंतीखाली खुर्ची टाकून बसतात. पाटी जितकी मोठी तितकं माप हलकं, हा सिद्धांत त्यांनी सोडलेला नाही. ते फक्त तराजूच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले आहेत.

आता राहिले वाचक. तुम्ही एवढा वेळ हसत होता हे आमच्या लक्षात आलं आहे, त्याबद्दल राग नाही. पण जरा आपल्या दाराकडे बघून या. काय लिहिलंय? आडनाव. काहींच्या दारावर तर अजून वारलेल्या आजोबांचंच नाव आहे. 'विकणे नाही' असं कुठे आहे? 'विकणे आहे' असंही नाही. म्हणजे भिंत कोरी. वर मे महिन्यात गावी निघालात की किल्ली शेजारी ठेवायची, दूधवाल्याला, पेपरवाल्याला, इस्त्रीवाल्याला तारखा सांगायच्या, आणि गाडीत बसल्या बसल्या स्वतःचे फोटो साऱ्या जगाला पाठवायचे, हा तुमचा मोकळेपणा ऐकून आमच्या या चारशे एकोणीसच्या कचेरीत सगळ्यांना फार भरून आलं. चीफसाहेबांना जामीन मिळाला आहे. ते इथेच शेजारी बसून मराठी शिकताहेत आणि 'विकणे नाही' एवढं त्यांना आता सुवाच्य अक्षरांत काढता येतं. रंगाचा डबा ते स्वतः घेऊन येतील. त्यांना फक्त एवढंच विचारायचंय, की तुमच्या शेजाऱ्यांकडे शिडी असेल ना?